देवाला इसार देऊ नका

मी शिवणकाम करते. ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे युनिफॉर्म. गावात कोणती बाई गरोदर आहे हे आशाताईच्या आधी माझ्या टेपला कळतं. तीन महिन्यांपूर्वी शिवलेला ब्लाऊज घेऊन कुणी आली आणि "काकू, बाजूनं जरा उसवून द्या, घट्ट होऊन राहिला" म्हणाली, की मी काही विचारत नाही. आत दीड इंच माया ठेवलेली असते, ती सोडते. माप देताना बाई हात वर करून, भिंतीकडे तोंड करून उभी असते. त्या वेळी ती जे बोलून जाते, ते कन्फेशनमध्येसुद्धा कुणी बोलत नसेल.

आमचं गाव पांढरकवड्यापासून काळीपिवळीनं पाऊण तासावर. कॅथलिक घरं अकरा. टिनाच्या छपराचं छोटं चॅपल आहे, फादर पंधरा दिवसांतून एकदा मिस्सा करायला येतात. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक बाया ख्रिस्ती नाहीत. कुणाला गर्भ पाडायचा असतो, कुणी पाडून आलेली असते, कुणाला ठेवायचा असतो पण घरचे ऐकत नाहीत. मी गर्भपाताच्या विरोधात आहे हे गावाला माहीत आहे. माझी सगळ्यात मोठी प्रार्थना ऐकली गेली नाही हेही गावाला माहीत आहे. या दोन गोष्टींची माझ्या आत एक गाठ बसली होती. ती सोडवायला मला बरीच वर्षं लागली. तुमचीही तशीच बसली असेल तर मी काय काय केलं, काय करायला नको होतं, ते इथे सांगते. प्रवचन रविवारी मिळतंच.

गाठ कशी बसते

आम्हाला तीन लेकरं झाली. थोरली २००० ची, मधला मुलगा २००३ चा, धाकटी २००६ ची. मुलगा चौदा महिन्यांचा असताना त्याचे हात-पाय सुजले, पंजे पावासारखे फुगले. कुणी वात म्हटलं, कुणी नजर म्हटली. सासूबाईंनी पंधरा दिवस तेल चोळलं. मग रक्त तपासलं तेव्हा सिकलसेल निघालं, आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. त्याच चिठ्ठीवर कळलं की मी आणि आमचे हे, दोघंही वाहक. वाहकाला त्रास नसतो, म्हणून ठाऊकच नव्हतं. विदर्भाच्या या जंगलपट्ट्यात हे जास्त का, तर वाहकाला मलेरिया सहसा जिवावर बेतत नाही. आमच्या आज्या-पणज्या ज्या गोष्टीमुळे हिवतापातून वाचल्या, तीच दोन्ही बाजूंनी आली की लेकराला छळते.

डॉक्टरांनी सांगितलं, दोघं वाहक असले की प्रत्येक गरोदरपणात चारातला एक धोका. मी त्याचा हिशेब असा केला: एक झाला, म्हणजे पुढचे तीन चांगले. हा हिशेब साफ चूक आहे. प्रत्येक वेळी चिठ्ठी नव्यानं टाकली जाते, मागच्या चिठ्ठीची तिला आठवण नसते. हे मला तेव्हा कुणी मराठीत नीट सांगितलं नाही, आणि सांगितलं असेल तर मी ऐकलं नाही.

तिसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, दहा-बारा आठवड्यांत शहरात गर्भाची तपासणी करता येते, आजार निघाला तर काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी नाही म्हटलं. इथे आपल्या चर्चची शिकवण नीट माहीत हवी. तपासणी मुळात पाप नाही. बाळाची काळजी घेण्यासाठी, उपचारासाठी केली तर चालते. आजार निघाला तर पाडायचं, असं आधीच ठरवून करणं चुकीचं. मला त्या चिठ्ठीचं दुसरं काही करायचं नव्हतं, म्हणून मी गेले नाही. इथपर्यंतचं मी आजही तसंच करीन.

चूक झाली ती त्या संध्याकाळी. मरियेच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली आणि म्हटलं, "मी माझं केलं. आता तू तुझं कर."

माझ्या वडिलांनी एकदा गोऱ्ह्यांची जोडी ठरवली होती. शंभर रुपये इसार दिला, की समोरच्यानं दुसऱ्याला विकायची नाही, हा व्यवहार. मी देवाला इसार दिला होता. बुधवारच्या नोव्हेना केल्या, म्हणजे एकच मागणं घेऊन नऊ वेळा करायची प्रार्थना. ११ फेब्रुवारीला, लूर्दमातेच्या सणाला, मोठं पोट घेऊन एसटीनं नागपूरला गेले आणि सेमिनरी हिल्सवरच्या ग्रोटोपुढे, मातेच्या गुहेपुढे, गुडघे टेकले. सगळं मनापासून केलं. पण त्या पावतीवर सही एकट्या माझीच होती.

धाकटी नऊ महिन्यांची झाली आणि तिचे पंजे सुजले. जानेवारी २०१३ मध्ये, थंडीत, छातीत न्यूमोनिया भरून ती गेली. सहा वर्षांची होती. तिला बोरं आवडायची, बिया गालात साठवून ठेवायची आणि झोपताना मोजून उशीखाली ठेवायची.

मला वाटलं होतं मी देवावर चिडेन. चिडले ती बायांवर. गावातल्या एकीचंही पहिलं लेकरू सिकलचंच. तिनं दुसऱ्या वेळी तपासणी केली, आजार निघाला, पाडलं. तिसरं धडधाकट झालं. धाकटी गेली त्याच वर्षी ती माझ्याकडे ब्लाऊज शिवायला आली. मी शिवून दिला, पण आत माया ठेवली नाही. मुद्दाम. कापड उरलं होतं, ते कातरून कतरणीत टाकलं. वर्षभरानं ती तो ब्लाऊज सैल करायला घेऊन आली, उलटा करून बघितला आणि म्हणाली, "काकू, आत कापडच नाही." मी म्हटलं, "कपडा कमी होता." त्या दिवशी मला कळलं की माझ्या विरोधात काहीतरी नासलं आहे.

तुमचंही तसं झालंय का, हे बघायची एक रीत आहे. कुणी गर्भपात केल्याचं कानावर आलं की पहिलं मनात काय येतं ते पकडा. त्या बाळासाठी वाईट वाटलं, त्या बाईसाठी वाटलं, तर ठीक. "मग माझ्याच वाट्याला का?" हे आलं, तर तुम्ही इसार दिलेला आहे आणि तो परत मागून राहिल्या आहात. दोन वह्या वेगळ्या करा. मी गर्भ पाडत नाही, कारण ते लेकरू आहे. एवढंच कारण. त्याच्या बदल्यात काही मिळणार म्हणून नाही.

आधी रक्त, मग नोव्हेना

हे सगळ्यात सोपं आहे आणि हेच लोक करत नाहीत. लग्न ठरवण्याआधी मुला-मुलीचं रक्त तपासा. आधी साधी तपासणी होते, थोडंसं रक्त लागतं. त्यात काही निघालं तर इलेक्ट्रोफोरेसिस होते, त्यातून वाहक की ग्रस्त ते पक्कं कळतं. एक वाहक आणि दुसरा चांगला असेल तर लेकरं वाहक निघू शकतात, आजारी निघत नाहीत. दोघं वाहक असतील तर काय होतं ते वर वाचलंच.

थोरली वाहक आहे. तिला बघायला आले तेव्हा मी चहाच्या ट्रेमध्येच तिचा रिपोर्ट ठेवला आणि म्हटलं, मुलाचा आणा. पाहुणे चहा न पिता गेले. बाहेर म्हणाले, पोट्टीत खोट आहे. दुसरे आले, त्यांनी रिपोर्ट आणला, २०२३ मध्ये लग्न झालं. आमच्या चॅपलमध्ये लग्नाची घोषणा होते तेव्हा कुणाला काही हरकत आहे का म्हणून विचारतात. मी फादरांच्या मागे लागले की घोषणेच्या आधी रक्ताची चिठ्ठीही बघत जा. आता बघतात.

हे अविश्वासाचं लक्षण आहे असं एक काका मला म्हणाले. मी त्यांना विचारलं, तुम्ही वावरात सरकी टोबल्यावर पावसासाठी प्रार्थना करता की न टोबता?

लग्न आधीच झालेलं असेल आणि दोघं वाहक असाल, तर रस्ता अरुंद आहे, खोटं सांगत नाही. बाहेर गर्भ तयार करून त्यातला चांगला निवडून घालणं चर्चला मान्य नाही, कारण बाकीचे टाकले जातात. पाळीचे दिवस बघून अंतर ठेवणं मान्य आहे, १९६८ च्या पोपांच्या पत्रातही तेच आहे. सिस्टरांनी मला तक्ता शिकवला होता. आमच्या ह्यांना तो तक्ता कधी पटला नाही, त्यामुळे त्याबद्दल मी फार शहाणपण सांगू नये.

लेकरू आजारी निघालंच तर भरपूर पाणी पाजा, थंडीत उघडं ठेवू नका, फॉलिक अॅसिड चुकवू नका, हायड्रॉक्सियुरिआ या औषधाबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा, लसी वेळेवर द्या, ताप आला की घरी थांबू नका. मधला आज बावीस वर्षांचा आहे, मोबाईलच्या दुकानात बसतो.

ऐकली न गेलेली प्रार्थना कशी करायची

धाकटीनंतर मी नोव्हेनाचं पुस्तक पेटीत ठेवून दिलं. तेव्हाचे आमचे फादर केरळचे, त्यांचं मराठी पुस्तकातलं. मी म्हटलं, मला आता काही मागता येत नाही. मला वाटलं ईयोबावर, बायबलमधल्या त्या सोसणाऱ्या माणसावर, व्याख्यान देतील. ते म्हणाले, "काही दिवस मागू नका. केवळ येऊन बसा." त्यांना मराठी जास्त आलं असतं तर कदाचित जास्त बोलले असते. बरं झालं नाही आलं ते.

मी येऊन बसू लागले. मग वर्षभर एकच वाचलं, स्तोत्र ८८. बायबलमधली बहुतेक रडगाणी शेवटी "तरीही मी तुझी स्तुती करीन" इकडे वळतात. हे वळत नाही. ते अंधारावरच संपतं. ते मोठ्यानं वाचा, आणि संपल्यावर लगेच एखादी गोड ओळ जोडू नका. ज्यांनी बायबल जुळवलं त्यांनीसुद्धा त्याला ठिगळ लावलेलं नाही.

दुसरं म्हणजे, घरच्या बोलीत बोला. पुस्तकातल्या प्रार्थनेत "हे दयाघना" म्हणता म्हणता आपण काय म्हणतोय ते आपल्यालाच कळत नाही. एका रात्री मी चुलीपुढे बसून म्हटलं, "तुले दिसत नव्हतं काय रे? थे पोट्टी श्वासासाठी तडफडत होती, तू कोठी होता?" प्रार्थना बंद पडल्यानंतरची ती माझी पहिली खरी प्रार्थना. उत्तर आलं नाही. पण त्या रात्री मी पहिल्यांदा खोटं बोलले नव्हते.

लोक तुम्हाला हन्नाची गोष्ट सांगतील, शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातली. देवळात ओठ हलवत रडत होती, एली याजकाला वाटलं ही प्यायलेली आहे. गोष्ट सुंदर आहे, पण तिला शेवटी मुलगा होतो. ज्या बाईचं मूल गेलं तिला ही गोष्ट सांगू नये. त्याऐवजी दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय काढा. दाविदाचं लेकरू आजारी पडतं. तो सात दिवस उपाशी, जमिनीवर पडून विनवण्या करतो. लेकरू जातं. नोकर त्याला सांगायला घाबरतात. त्याला कुजबुज ऐकू येते, कळतं. मग तो उठतो, आंघोळ करतो, कपडे बदलतो, देवाच्या घरी जाऊन नमन करतो आणि घरी येऊन जेवायला मागतो. मी हे वाचलं तेव्हा धाकटीला जाऊन पाच महिने झाले होते आणि मी धड जेवत नव्हते. मला त्यातलं नमन नाही लागलं, जेवण लागलं. त्या गोष्टीत ते मरण दाविदाच्या पापाशी जोडलेलं आहे, आणि कुणीतरी तेवढ्यावरच बोट ठेवेल. त्याला योहानाचा नववा अध्याय दाखवा. जन्मापासून आंधळ्या माणसाकडे बघून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? येशू म्हणतो, याचंही नाही आणि आईबापाचंही नाही. सिकलच्या आईबापांनी ती ओळ भिंतीवर लिहून ठेवावी.

चमत्काराबद्दल. फ्रान्समधल्या लूर्दला १८५८ पासून लोक जातायत, वर्षाला लाखोंनी. चर्चनं आजवर अधिकृतपणे चमत्कार म्हणून मानले ते सत्तरच्या आसपास. ज्या बर्नादेतला माता दिसली ती स्वतः दम्यानं आणि हाडाच्या क्षयानं खंगून १८७९ मध्ये गेली, वय पस्तीस. गुडघा सुजून दुखायचा. नागपूरच्या ग्रोटोपुढे मी नऊ वेळा मागितलं तेव्हा हे मला माहीत नव्हतं. कळल्यावर आधी राग आला, मग कसा कोण जाणे, तिच्याशी बोलता येऊ लागलं. मातेशी बोलायला मला अजून दोन वर्षं लागली.

आणि हाताला काम द्या. मधल्याच्या पायात कळा सुरू झाल्या की रात्र रात्र जाते. दवाखान्यात माळ घ्यायला हात मोकळा नसतो. बोटं दहा, नमो मरिया दहा. डाव्या पायाला एक दशक, उजव्याला एक, हळूच, गरम हातानं. कळा थांबतात का? नाही, त्या औषधानं थांबतात आणि कधी कधी औषधानंही लवकर थांबत नाहीत. पण चोळणारा हात मध्येच गळून पडत नाही.

"देवाला फूल आवडलं म्हणून नेलं" असं म्हणायला येणारे येतातच. मी एकदा म्हटलं, एवढी कशी हो त्याची बाग ओसाड, की आमच्या टिनाखालचं सहा वर्षांचं रोप लागावं? ते काका अजून रागावलेले आहेत. हे मी शिकवत नाही, नुसतं सांगितलं.

बाई "पाडायचं आहे" म्हणते तेव्हा

टेप खाली ठेवा. चहा टाका. लगेच बोलू नका.

मग आधी तब्येतीचं विचारा. पाळी कधीची, रक्त जातं का, एका बाजूनं पोटात कळ येते का, चक्कर येते का, मेडिकलमधून आणून गोळ्या घेतल्या का. यातल्या कशालाही हो आलं तर वाद नाही, उपदेश नाही, १०८ ला फोन किंवा मिळेल ती गाडी. गर्भ नळीत अडकलेला असू शकतो आणि नळी फुटली तर काही तासांचा खेळ असतो. अशा वेळी आजारी नळी काढायला चर्चचीही मनाई नाही, त्यात गर्भ जातो तरी. "आपल्यात चालत नाही" म्हणून कुणी अशा बाईला घरी थांबवलं तर ते धर्माचं नाही, अज्ञानाचं काम आहे.

दुसरा प्रश्न, ही तुझी इच्छा आहे की घरच्यांची? निम्म्या वेळा इथेच सगळं उलगडतं. एक सून आली होती, दोन मुली पदरात, तिसऱ्या वेळी कुठल्यातरी गाडीत मशीन आणून बघितलेलं. तिला ठेवायचं होतं. अशा बाईला दोन गोष्टी सांगा. लिंग तपासणं हा १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि आपल्या महाराष्ट्रानं तर त्याच्याही आधी, १९८८ मध्ये, कायदा केला होता. तरी २००१ मध्ये हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या त्या २०११ ला ८९४ झाल्या, शून्य ते सहा वयाच्या. दुसरं, सज्ञान बाईच्या संमतीशिवाय कुणी तिचा गर्भ पाडू शकत नाही. सासूच्या नाही, नवऱ्याच्याही सांगण्यावरून नाही. न्याय संहितेचं कलम ८९ आहे, जन्मठेपेपर्यंत शिक्षा. मी तिच्या सासूला ब्लाऊजचं माप घ्यायला बोलावलं आणि टेप गळ्यात टाकून हे सगळं शांतपणे सांगितलं. ती पोट्टी आता अंगणवाडीत जाते. गर्भपाताला विरोध असणाऱ्यांनी सगळ्यात आधी इथे उभं राहावं, जिथे बाईलाच पाडायचं नाही.

आता ती, जिला स्वतःलाच पाडायचं आहे. इथे मी माझं मत एकदाच सांगते. एकदाच. "माझ्या मते ते लेकरू आहे. मी असते तर ठेवलं असतं, आणि माझ्यावर काय आलं ते तुला माहीत आहे." धाकटीची गोष्ट लपवत नाही आणि तिचं भांडवलही करत नाही. "बघ, माझ्या लेकीनं मला किती आनंद दिला" असं सांगितलं तर शेवटच्या चार रात्रीही सांगाव्या लागतील.

खोटं बोलू नका. पुन्हा मूल होणार नाही, वेड लागेल, असलं काही नाही. कायदा बंद झालाय असंही नाही. १९७१ चा कायदा आहे, २०२१ मध्ये बदलला. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, ठरावीक कारणांसाठी चोवीसपर्यंत दोघांचं. नवऱ्याची सही लागत नाही. मला हा कायदा मान्य नाही, पण बाईला फसवून वाचवलेल्या लेकराला उद्या मी तोंड कसं दाखवू?

मग विचारा, काय असतं तर ठेवलं असतंस? उत्तर बहुधा लहान असतं. पहिल्याला सांभाळायला कोणी नाही. वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडेल. दवाखान्यात न्यायला नवरा येत नाही. यातलं तुम्ही स्वतः काय कराल ते तारखेसकट सांगा. "देव बघून घेईल" हे वाक्य त्या वेळी तोंडातून काढू नका. मी एकीचं दोन वर्षांचं पोट्टं कापसाच्या हंगामात माझ्या मशीनखाली झोपवलंय. पदरचं काहीच घालायचं नसेल तर चहा पाजून गप्प बसावं.

ठेवायचं आहे पण वाढवता येणार नाही, असंही असतं. बाळ कुणाच्या हातात परस्पर देऊ नका, विकल्याचा गुन्हा लागू शकतो. जिल्ह्यात बाल कल्याण समिती असते, तिच्यापुढे लिहून देऊन बाळ सोपवता येतं. नंतर दोन महिने विचार बदलायला मिळतात. कुठे जायचं कळत नसेल तर १०९८ वर विचारा.

आणि तरीही ती गेली तर? मी दवाखान्यात सोबत जात नाही, ते माझ्याच्यानं होत नाही. एकीनं विचारलं होतं, मी नाही म्हटलं, ती एकटी गेली. परत आल्यावर तीन दिवस तिच्या घरी भाकरी-वरण पोचवलं. ती पहिल्या दिवशी दाराआडून म्हणाली, "काकू, तुमाले तर राग आला असन ना?" मी म्हटलं, "आला. वरण गरम आहे तवर खा."

ज्यांनी केलेलं आहे त्यांच्यासाठी

तुम्ही कॅथलिक असाल आणि वीस वर्षांपूर्वीचं ओझं घेऊन मागच्या बाकावर बसत असाल, तर हे वाचा. बऱ्याच जणींना वाटतं याची माफी फक्त बिशप देतात, म्हणून त्या कन्फेशनला जातच नाहीत. नोव्हेंबर २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सगळ्या फादरांना हा अधिकार कायमचा दिला. तुमच्या गावात पंधरा दिवसांनी येणारे फादरसुद्धा देऊ शकतात. बहिष्काराची शिक्षा आहे हे खरं, पण वय कोवळं होतं, नियम माहीत नव्हता, धाकाखाली झालं, तर ती लागत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २५ मार्च १९९५ च्या पत्रात गर्भपाताविरुद्ध जितकं कडक लिहिलं तितकं फार थोड्यांनी लिहिलं असेल. त्याच पत्रात शेवटाकडे ते या बायांशी थेट बोलतात आणि आशा सोडू नका म्हणतात.

फादर ओळखीचे असतील आणि लाज वाटत असेल तर पांढरकवड्याला किंवा यवतमाळला बाजाराच्या दिवशी जा, तिथे तुम्हाला कोण ओळखतं. एका वाक्यात सांगा. सविस्तर सांगायची गरज नसते.

मलाही जावं लागलं, माझ्या पापासाठी. फादरांना ते ब्लाऊजचं सांगितलं तर त्यांना आधी कळेचना. "माया नाही ठेवली" म्हटल्यावर त्यांना वाटलं मी प्रेमाबद्दल बोलतेय. कापडातली माया समजावून सांगितली तेव्हा गप्प झाले. प्रायश्चित्त म्हणून म्हणाले, "नवा शिवा."

धाकटीला जाऊन चार वर्षं झाली होती. मी निळ्या खणाचा ब्लाऊज शिवून त्या बाईच्या घरी गेले. शिलाई घेतली नाही. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, दारात विसरले. तिनं ब्लाऊज हातात घेतला, उलटा केला, बाजूची शिवण अंगठ्याच्या नखानं दाबून बघितली. दोन इंच सोडली होती. ती म्हणाली, "बसा, चहा टाकते." आत तिचं पहिलं पोट्टं खाटेवर पाय पोटाशी घेऊन झोपलेलं होतं, अंगावर गोधडी. थंडीचेच दिवस होते. मी विचारलं, "किती दिवस झाले?" ती म्हणाली, "तिसरा." मी त्याच्या पायथ्याशी बसले आणि हात चोळून गरम केले.

रात्रीची पिशवी

सिकलचं लेकरू घरात असेल तर पिशवी भरून खुंटीला ठेवा, कळा रात्रीच येतात. पाण्याची मोठी बाटली. सिकलसेलचं कार्ड आणि जुन्या रिपोर्टांची झेरॉक्स. लोकरीचे मोजे दोन जोड. आधी कधी रक्त चढवलं त्याच्या तारखा लिहिलेला कागद, कारण ड्युटीवरचे डॉक्टर दर वेळी नवे असतात. फोनचा चार्जर. सुटे पैसे. गोधडी पातळ, घडी होईल अशी. माळ ठेवा, पण ती पिशवीत तळाशी जाते आणि अंधारात सापडत नाही. तिच्यासाठी पिशवी उपसत बसू नका, तोवर पोराला घोटभर पाणी पाजा.